कटसिद्धांत व पक्षनिष्ठा

एखादी महत्त्वाची घटना परिस्थिती, योगायोग वा अनेकांच्या परस्परविरोधी कृती यांतून उद्भवलेली नसून एका लहान, प्रबळ व गुप्त गटाने ती हेतुपुरस्सर घडवून आणली आहे, अशी पुरेशा पुराव्याविना मांडलेली उपपत्ती म्हणजे कटसिद्धांत होय. अशा उपपत्तीवर कोण विश्वास ठेवील, हे पुराव्याच्या बलाबलाइतकेच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक, व्यक्तीच्या पक्षनिष्ठेवर अवलंबून असते. कार्ल पॉपर (१९०२–९४) यांनी द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज या ग्रंथात या विचारपद्धतीवर टीका केली. कट होतात, हे त्यांना मान्य होते. परंतु ते क्वचितच सफल होतात आणि सामाजिक घटना बहुधा कोणाच्याही हेतूबरहुकूम घडत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

इंग्लंडमधील ‘पोपिश कट’ (१६७८–८१) : पक्षनिष्ठा व कटविश्वास यांच्या संबंधाचे हे एक ठळक उदाहरण. टायटस ओट्स (१६४९–१७०५) याने दुसऱ्या चार्ल्स राजाची (कार. १६६०–८५) हत्या करून त्याचा कॅथलिक भाऊ जेम्स यास गादीवर बसविण्याचा जेझुइटांचा कट असल्याचे शपथेवर सांगितले. हा वृत्तांत बनावट होता. तथापि ओट्सची जबानी नोंदविणारा दंडाधिकारी एडमंड बेरी गॉडफ्री ऑक्टोबर १६७८ मध्ये मृतावस्थेत आढळला. तसेच जेम्सच्या पत्नीचा सचिव एडवर्ड कोलमन याने फ्रेंच राजाच्या धर्मगुरूशी केलेला पत्रव्यवहार हाती लागला. या पत्रांत राजहत्येचा उल्लेख नव्हता. परंतु इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथाला बळ मिळावे म्हणून फ्रेंच द्रव्यसाहाय्याची याचना होती. सत्याच्या या अंशामुळे असत्य विश्वसनीय वाटू लागले.

जेम्सला उत्तराधिकारातून वगळू इच्छिणाऱ्या अर्ल ऑफ शाफ्ट्सबरीच्या अनुयायांनी या भीतीचा राजकीय उपयोग केला. याच संघर्षात ‘व्हिग’ व ‘टोरी’ ही पक्षनामे रूढ झाली. राजाचा स्वतः ओट्सवर विश्वास नव्हता. परंतु लोकक्षोभापुढे त्याने मृत्युदंड रोखले नाहीत. वीसहून अधिक निरपराध व्यक्तींना देहान्त शासन झाले. आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना १ जुलै १६८१ रोजी लंडन येथे फाशी देण्यात आली. १९७५ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले. पुढे वारे फिरले. १६८३ मध्ये उघडकीस आलेल्या ‘राय हाउस’ कटाच्या आधारे टोरींनी व्हिग नेत्यांवर खटले भरले. जेम्स गादीवर येताच ओट्सला खोट्या साक्षीबद्दल फटके व जन्मठेप झाली (१६८५). जेम्सच्या पदच्युतीनंतर त्याची सुटका होऊन त्याला निवृत्तिवेतनही मिळाले (१६८९).

या काळातील मतबदलाची साक्ष लंडनमधील ‘मॉन्युमेंट’ या स्तंभावर कोरली गेली. १६६६ च्या आगीचे स्मारक असलेल्या या स्तंभावर, ती आग कॅथलिकांनी लावल्याचा मजकूर १६८१ मध्ये घालण्यात आला. जेम्सच्या कारकीर्दीत तो खोडला गेला, १६८९ मध्ये पुन्हा कोरला गेला आणि १८३० मध्ये कायमचा काढून टाकण्यात आला. आगीसंबंधीचा पुरावा या काळात बदलला नव्हता; सत्ताधारी मात्र बदलले होते.

आधुनिक संशोधन : अमेरिकन इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅटर (१९१६–७०) यांनी १९६४ मधील एका निबंधात ही प्रवृत्ती मुख्यतः राजकारणाच्या परिघावरील गटांत पाहिली. नंतरच्या अभ्यासांतून ती अधिक व्यापक असल्याचे दिसले. जोसेफ उसिन्स्की व जोसेफ पेरंट यांनी १८९० ते २०१० या काळातील न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांची एक लाखाहून अधिक पत्रे तपासली (२०१४). अध्यक्ष ज्या पक्षाचा असेल, त्या पक्षाकडे व त्याच्या पाठीराख्यांकडे कटाच्या आरोपांचा रोख वळतो, असे त्यांना आढळले. सत्ता गमावल्याने येणारी असुरक्षितता ही त्यांच्या मते या प्रवृत्तीची प्रेरणा होय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात शासनाचाच हात होता, हा समज डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांत अधिक आढळला. तर बराक ओबामा यांचा जन्म अमेरिकेबाहेर झाला, हा समज रिपब्लिकन समर्थकांत अधिक आढळला. २०११ मध्ये विस्तृत जन्मदाखला प्रसिद्ध होऊनही तो पूर्णपणे मावळला नाही.

ज्ञानवृद्धी हा यावर हमखास उपाय ठरत नाही. जोआन मिलर, काइल सॉन्डर्स व क्रिस्टीना फारहार्ट यांच्या अभ्यासात (२०१६), राजकीय माहिती अधिक पण सार्वजनिक संस्थांवरील विश्वास कमी असलेल्या पुराणमतवादी व्यक्तींत आपल्या मतास अनुकूल कटसिद्धांत स्वीकारण्याकडे अधिक कल दिसला. माहितीचा उपयोग सत्यशोधनासाठी होतो, तसाच पूर्वग्रहाच्या समर्थनासाठीही होऊ शकतो.

खरा कट व कटसिद्धांत : वॉटरगेट प्रकरण (१९७२–७४) हा प्रत्यक्षात घडलेला कट होता. न्यायालये, काँग्रेसच्या समित्या व ध्वनिफिती यांद्वारे तो सिद्ध झाला आणि अध्यक्ष निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षातील सदस्यांनीही अखेर तो मान्य केला. कटसिद्धांतात याउलट पुराव्याचा अभाव हाच कटाच्या व्याप्तीचा पुरावा मानला जातो; त्यामुळे तो खोटा ठरण्याची शक्यताच उरत नाही. अफवेचे खंडन कोण करतो, यालाही महत्त्व असते. अमेरिकेतील आरोग्यसुधारणांविषयीच्या अफवांच्या अभ्यासात ॲडम बेरिन्स्की यांना (२०१५), ज्या पक्षाला अफवा सोयीची होती त्याच पक्षाच्या नेत्याने केलेले खंडन विशेष परिणामकारक ठरल्याचे आढळले. लोकशाहीत स्वपक्षाला गैरसोयीचे सत्य सांगण्याची नेत्यांची तयारी म्हणूनच स्वतंत्र न्यायसंस्थेइतकीच आवश्यक ठरते.