विश्लेषण : घरच्या टाकीतल्या प्रवाळाला उजेड किती लागतो?

समुद्री मत्स्यटाकीतला महागडा प्रवाळ महिन्याभरात पांढरा पडला, की बोट आधी पाण्याकडे जाते. दोष अनेकदा वरच्या दिव्याचा असतो.

प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यावरच त्याचे बरेचसे भागते. म्हणून दिवा किती वॅटचा, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ल्युमेनही नाही. ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाचे माप. शैवालाला हवा असलेला निळा प्रकाश (साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर) त्यात कमी भरतो. पाहायचा तो ‘पार’, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. मऊ प्रवाळांना तो ५० ते १५० पुरतो, फांद्या फुटणाऱ्या अॅक्रोपोराला २०० ते ३५० च्या आसपास लागतो. मोजायचा मात्र प्रवाळ ठेवला आहे त्या जागी, पाण्याच्या वर नव्हे.

जास्त उजेडही घातकच. नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावला, तर प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकतो. तीव्रता निम्म्यावर ठेवून तीन-चार आठवड्यांत वाढवावी; दिवसाला ८ ते १० तास पुरेत. सन कोरलला तर प्रकाशाची गरजच नाही, त्याला खाऊ भरवावा लागतो.

भारतात मात्र दिव्याआधी कायदा येतो. अॅक्रोपोरा आणि सन कोरलसह सर्व दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडा काढून आणणे हा गुन्हा आहे.