लक्षणेची मर्यादा : एका वादग्रस्त गीतशीर्षकाचा विचार

उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ वक्त्याच्या हेतूवरून ठरवावयाचा की श्रोत्याच्या बोधावरून, हा प्रश्न ‘द प्रॉडिजी’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ‘द फॅट ऑफ द लँड’ (१९९७) या ध्वनिमुद्रिकेने पुन्हा उपस्थित केला. पंक संगीताचा आक्रमक आवेश आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर रचलेला नृत्यताल यांचा संयोग हे तिचे वैशिष्ट्य होय. ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत ती विक्रीत प्रथम स्थानी गेली. मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीतही तिचा समावेश झाला. वाद माजला तो मुख्यतः तिच्यातील पहिल्या गीतावरून.

‘स्मॅक माय बिच अप’ या शीर्षकाचा वाच्यार्थ स्त्रीला हीन शब्दाने संबोधून मारहाण करण्याचा आहे. अमेरिकेतील ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या संघटनेने त्याचा निषेध केला. वॉलमार्ट व केमार्ट यांनी मुद्रिका दुकानांतून काढून घेतली. रचनाकार लियम हाउलेट यांचे म्हणणे असे की, कोणतीही गोष्ट तीव्र आवेशाने करणे एवढाच या प्रयोगाचा आशय आहे.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर आक्षेपकांनी अभिधा पाहिली. रचनाकाराने लक्षणेचा आश्रय घेतला. परंतु लक्षणेसाठी मम्मटाने तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन. ‘गंगायां घोषः’ येथे प्रवाहावर वस्ती असणे अशक्य, म्हणून ‘तीरावर’ हा अर्थ घ्यावा लागतो. पुरुषाने स्त्रीला मारणे ही मात्र अशक्य कोटीतील घटना नव्हे. ती नित्याची आहे. मुख्यार्थाला बाधच येत नसेल, तर श्रोत्याने तो का सोडावा? आवेशाची तीव्रता हे प्रयोजन मानले तरी बाधावाचून ते पुरेसे ठरत नाही.

रूढीचा मुद्दा अधिक विचारणीय आहे. हे शब्द मूळचे ‘अल्ट्रामॅग्नेटिक एमसीज’ या अमेरिकन रॅप गटाच्या १९८८ मधील गीतातले. रॅपमध्ये बढाईखोर अतिशयोक्तीचा संकेत रूढ आहे. हाउलेट यांनी तेथून तो तुकडा कापून घेतला आणि त्याची आवर्तने केली. मागचापुढचा संदर्भ गळाला, तसा संकेतही मागे राहिला. शिवाय संकेत जाणणाऱ्यांनाही हा बचाव पटलाच असे नाही. १९९८ च्या रेडिंग महोत्सवात ‘बीस्टी बॉइज’ या रॅप गटाने हे गीत सादर न करण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. आक्षेप हा केवळ अज्ञानाचा परिणाम होता, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

योनास ओकरलुंड यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रफितीत एका व्यक्तीच्या नजरेतून हिंसक रात्र दिसते. शेवटी आरशात ती व्यक्ती स्त्री असल्याचे कळते. कर्ता पुरुषच असणार, हे प्रेक्षकाचे गृहीत येथे उघडे पडते, आणि ही व्यंजना समर्थ आहे. एमटीव्हीने ती फीत रात्री उशिराच दाखविली. तथापि १९९८ मध्ये तिला दोन पुरस्कारही दिले. मात्र गीत केवळ ऐकणाऱ्यास हे प्रकरण उपलब्ध नसते; आणि कर्ता बदलला तरी कर्म तेच राहते.

तात्पर्य, वक्त्याचा हेतू हा अर्थनिर्णयातील एक पुरावा होय, निवाडा नव्हे. तालाची प्रशंसा करणारे आणि शब्दांचा निषेध करणारे एकमेकांचे खंडन करीत नव्हते. त्यांच्यापुढील प्रश्नच निराळे होते. रसग्रहणाच्या अभ्यासकाने ते प्रथम वेगळे करावेत.