कोकण, पण सावकाश!

दसरा झालाय, दिवाळीला अजून वेळ आहे आणि ऑफिसात ऑक्टोबर हीटमुळे एसीवरून भांडणं सुरू झालीत? मग दोन-तीन दिवसांची रजा टाका आणि गाडी काढा. पण एक अट आहे, मुंबई-गोवा हायवे विसरायचा! यावेळी समुद्राचं बोट धरून जायचं.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली की गाडीसकट तासाभरात मांडवा. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड. पावसाळ्यात बंद असलेल्या जंजिऱ्याच्या होड्या आता सुरू झालेल्या असतात. कुणालाही जिंकता न आलेला हा किल्ला निवांत बघा. मग आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी. गावात तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. गाडी बोटीत, आपण कठड्याशी, समोर खाडी. अशाच बोटी पुढे बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावेलाही आहेत. सागरी महामार्गासाठी या किनाऱ्यावरच्या खाड्यांवर पुलांची कामं हाती घेतली आहेत. पूल झाले की वेळ वाचेल हे खरं, पण ही सक्तीची, सुंदर विश्रांती जाईल. तेव्हा आत्ताच जाऊन या!

या दिवसांत कोकण हिरव्याकडून सोनेरी होत असतं. भातकापणी चालू, आकाश धुतल्यासारखं. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपलेली, त्यामुळे हर्णै बंदरावर संध्याकाळी ताज्या मासळीचा लिलाव रंगतो. आवाज ऐकूनच भूक लागते!

मुक्काम मात्र रिसॉर्टऐवजी दिवेआगर किंवा श्रीवर्धनला एखाद्या घरात करा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानं इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं इथे मोठं नाव. पण पोफळ लावली की फळ धरायला कित्येक वर्षं जातात. तोवर घर चालायचं कशावर? अनेकांसाठी उत्तर एकच, दोन जादा खोल्या आणि काकूंच्या हातचं जेवण. तुमचं बिल थेट त्या घरात जातं.

जाता जाता थोडं:
– फेरीबोटीच्या वेळा आधी विचारून घ्या. रात्री उशिरा गेलात तर लांबचा वळसा ठरलेला.
– जेवणाची ऑर्डर सकाळीच द्या. मोदक मिनिटांत होत नाहीत.
– रोख पैसे जवळ ठेवा.
– वाळूत गाडी घालू नका. भरतीला ‘ड्रायव्हिंग स्किल’ कळत नाही!