धोतरा आणि अ‍ॅट्रोपीन

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी, उजेडाकडे पाहवत नाही, अशी तक्रार करू लागला. पाहतो तो त्याच्या एकाच डोळ्याची बाहुली विस्फारलेली! पूजेसाठी आणलेले धोतऱ्याचे काटेरी फळ त्याने फोडले होते आणि त्याच हाताने डोळा चोळला होता. काही दिवसांत डोळा आपोआप पूर्ववत् होईल असे डॉक्टर म्हणाले, व तसेच घडले.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राशी आमचा परिचय बेताचाच. तथापि ह्या प्रसंगाने आमचे कुतूहल जागे झाले. आपल्या सुरतेत पडीक जागी हे झाड सहज आढळते. गुजराती शेजारी त्यास 'धतूरो' म्हणतात. संस्कृतात त्याचे एक नाव 'उन्मत्त' आहे. ते ठेवणाऱ्याने त्याचा गुण नेमका हेरला होता यात शंका नाही. आमच्या कोंकणी मुलखात, गोव्यात, गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा औषधिविषयक ग्रंथ १५६३ साली छापला गेला. ज्यास लुटावयाचे त्याच्या अन्नात चोर धोतरा कालवीत, असे त्यात सांगितले आहे.

ह्या झाडातील मुख्य विषांपैकी एक म्हणजे अ‍ॅट्रोपीन. आपले मज्जातंतू हृदयास, ग्रंथींस व आतड्यांस जो निरोप धाडतात, तो अ‍ॅसेटिलकोलीन नामक द्रव्याच्या हस्ते. निरोप असा द्रव्यरूपाने पोचतो, हे ऑटो लोवी ह्यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले. अ‍ॅट्रोपीन त्या निरोप्याची जागाच अडवून बसते. मग लाळ आटते, घाम थांबतो, कातडी लाल व ऊन होते, नाडी धावू लागते, लघवी अडते. मात्रा अधिक झाल्यास माणूस भ्रमिष्ट होऊन हवेतील नसलेल्या वस्तू पकडू लागतो. प्रसंगी प्राणही जातो. विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते, त्यामुळे 'थोडेसे खाल्ले' ह्या शब्दांना काहीच अर्थ उरत नाही.

परंतु हेच विष मोजून दिले असता जीव वाचविते. हृदयाची गती फार मंदावली असता डॉक्टर ते टोचतात. त्याचे खरे मोल मात्र कीटकनाशकाच्या विषबाधेत कळते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले, अनेक दगावले. फवारणीच्या कित्येक औषधांमुळे शरीरात अ‍ॅसेटिलकोलीन साचत जाते. तोंडास फेस येतो, छाती पाण्याने भरते, श्वास कोंडतो. अशा रोग्यास डॉक्टर थोड्या थोड्या मिनिटांनी अ‍ॅट्रोपीन देत राहतात, ते छातीतील पाणी आटेपर्यंत. निरोगी माणसास जी मात्रा घातक ठरेल, ती येथे अपुरी पडू शकते!

कोणी धोतऱ्याचे बी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत बसू नये. मीठपाणी पाजून ओकारी काढण्याचा तर मुळीच नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि फळ वा बी हाती असल्यास कागदात बांधून सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांस विष ओळखण्यात वेळ दवडावा लागत नाही.