कोयना ओता, उजनी ओता, वर वारणा ओता

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किती लांब? साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. गाडीने दीड तास, लोणावळ्यात चिक्कीसाठी थांबलात तर दोन. आता गाडी विसरा आणि हातात वल्हं घ्या! स्कॉटलंडमध्ये पश्चिमेच्या फोर्ट विल्यमपासून पूर्वेच्या इन्व्हर्नेसपर्यंत ‘ग्रेट ग्लेन कनू ट्रेल’ नावाचा जलमार्ग आहे. लांबी सुमारे ९६ किलोमीटर. म्हणजे आख्खा एक्सप्रेसवे वल्हवत जायचं, वर दीड किलोमीटर फुकट! एका वल्ह्यात होडी दोन मीटर सरकते असं धरा. वल्ही झाली अठ्ठेचाळीस हजार. लोक त्याला तीन ते पाच दिवस घेतात, आणि खांदे कुणाचे भरून येत नाहीत असं मला कुणी सांगू नये.

आणि चढ? एक्सप्रेसवे घाटात सहाशे मीटरवर चढतो. इथे सर्वांत उंच पाणी लॉख ऑइक या तळ्याचं, समुद्रापासून अवघं ३२ मीटर. हसू आलं ना? थांबा. तेवढ्या ३२ मीटरसाठी २९ लॉक आहेत. पश्चिमेकडून चढायला १५, पूर्वेकडे उतरायला १४!

लॉक म्हणजे दोन्ही तोंडांना दारं असलेला हौद. पाणी सोडलं की आतली बोट वर येते. इथला हौद १८० फूट लांब, ४० फूट रुंद. बोट आठ फूट उचलायची तर पाणी लागतं सोळा लाख लिटर. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरलेली घ्या. अशा साडेचार विहिरी एका हौदात रिकाम्या कराव्या लागतील. दहा हजार लिटरचे टँकर म्हणाल तर एकशे साठ. आणि बॅनव्हीला असे आठ हौद एकापाठोपाठ एक आहेत. नाव ‘नेपच्यून्स स्टेअरकेस’, चढ २० मीटर, लांबी साडेचारशे मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या जवळजवळ दोन लोकल.

कनूवाल्यांना मात्र लॉकमध्ये प्रवेश नाही. धक्क्याला लागायचं, सोळा-सतरा फुटांची होडी पाण्याबाहेर ओढायची, खाली दोन चाकांची ढकलगाडी सरकवायची, पट्टे आवळायचे आणि तंबू-भांड्यांसकट ओढत निघायचं. शेजारी काळी-पांढरी दारं, वर श्रीमंतांच्या यॉट आरामात तरंगत. त्यांच्यासाठी लाखो लिटर, तुमच्यासाठी घाम.

ही सगळी लॉक ज्या कालव्यावर आहेत, त्या अभियंता थॉमस टेलफर्डच्या कॅलेडोनियन कालव्याचं काम १८०३ साली मंजूर झालं. आपल्याकडे त्याच वर्षी असईची लढाई झाली. अंदाज सात वर्षांचा आणि पावणेपाच लाख पौंडांचा. कालवा उघडला १८२२ साली, तोवर पेशवाई बुडून चार वर्षं झाली होती, आणि खर्च गेला होता नऊ लाखांवर. सरकारी कामं तेव्हाही अशीच!

पण खोदलेला कालवा फक्त ३५ किलोमीटर. बाकी सगळी निसर्गाची तळी, आणि त्यातलं एक लॉख नेस. फोर्ट ऑगस्टसची पाच लॉक उतरलात की समोर ३६ किलोमीटर पाणी, चर्चगेट ते दहिसर! खोली २३० मीटर. बारा डब्यांची लोकल उभी बुडवली तर शेवटचा एक डबा तेवढा वर राहील. लॉख नेसच्या दंतकथेतल्या राक्षसाचं सोडा हो, पाणीच राक्षसी आहे. साठा सुमारे २६० टीएमसी. कोयना १०५, उजनी ११७, वारणा ३४. तिन्ही काठोकाठ भरा, तिन्ही त्यात ओता, तरी ते भरत नाही! मुंबईचे सातही तलाव पाच वेळा ओता. मुंबईला रोज चारशे कोटी लिटर द्या, पाच वर्षं पुरेल. इंग्लंड आणि वेल्समधली सगळी तळी एकत्र केली तरी इतकं पाणी होत नाही. जगातल्या आठशे कोटी माणसांना वाटा, प्रत्येकाला नऊशे लिटर येतील!

आता टँकरच मागवा. दहा हजारी टँकर लागतील ७४ कोटी. आठ मीटर लांबीचा एकेक, नाकाला शेपूट लावून उभे करा. रांग होईल ५९ लाख किलोमीटर. चंद्रापर्यंत जाऊन परत या, पुन्हा जा, पुन्हा या, अशा सात फेऱ्या होतील आणि टँकर तरी उरतीलच!

पुढच्या पावसाळ्यात कोयना भरल्याची बातमी आली, की त्या आकड्याला अडीचने गुणून पाहा.