हेड उतरवण्याआधी

अमेरिकेत घरासमोर उभा असणारा ट्रक दहाचाकी नसतो. पुढे चार-पाच माणसं मावतील अशी केबिन, मागे उघडा हौदा आणि हुकाला घोड्यांचा, बोटीचा नाहीतर गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रेलर, असा त्याचा थाट. शेतकरी, बांधकामवाले, प्लंबर यांचं पोट त्याच्यावर चालतं. डिझेल इंजिनाचा ट्रक असेल तर दोन-अडीच लाख मैल चालवल्याशिवाय तो विकायचं नाव कुणी काढत नाही. डीलरकडे मजुरीचा दर तासाला शंभर डॉलरच्या वर, आणि अशा इंजिनाचं हेड उघडायचं म्हणजे बिल हजारो डॉलरांत जातं. म्हणून मोठं काम निघालं की बरेच मालक गराजचं शटर वर करून स्वतःच पाना हातात घेतात.

त्यातही एका इंजिनानं जितक्या लोकांना घरबसल्या मेकॅनिक केलं, तितकं बहुधा दुसऱ्या कुठल्याच इंजिनानं केलं नसेल. फोर्डचं ६ लिटर 'पॉवरस्ट्रोक'. ते २००३ ते २००७ या मॉडेलांच्या सुपर ड्यूटी ट्रकांमध्ये, म्हणजे एफ-२५०, एफ-३५० आणि त्यावरच्या गाड्यांत आलं. फोर्डचं नाव असलं तरी ते बनवत होती इंटरनॅशनल ट्रक अँड इंजिन ही कंपनी, म्हणजेच नेव्हिस्टार. व्ही आकारात ८ सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९५ मिलिमीटर, स्ट्रोक १०५, आणि ताकद ३२५ अश्वशक्ती. कागदावर देखणं इंजिन. प्रत्यक्षात वॉरंटीच्या दाव्यांची अशी रांग लागली, की जानेवारी २००७मध्ये फोर्डनं नेव्हिस्टारला कोर्टात खेचलं. पुढच्याच महिन्यात नेव्हिस्टारनं इंजिनं पाठवणंच थांबवलं. कोर्टानं पुरवठा सुरू करायला लावला आणि २००९मध्ये तडजोड झाली. पुढे २०११च्या मॉडेलपासून फोर्डनं स्वतःचं ६.७ लिटर इंजिन आणलं. (याच नेव्हिस्टारनं २००५मध्ये महिंद्राशी भागीदारी करून चाकणहून ट्रक काढले होते. पुढे महिंद्रानं तिचा वाटा विकत घेतला.)

या इंजिनाची बदनामी झाली ती हेड गॅस्केटवरून. आपल्याकडचा मिस्त्री 'पॅकिंग उडालं' म्हणतो, तेच. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेली ही पोलादाच्या पातळ पत्र्यांची थप्पी. पत्र्यांना भोकांभोवती उठाव दिलेले असतात, ते दाबले गेले की स्प्रिंगसारखे परत उसळू पाहतात आणि त्या जोरावर फट बुजते. एका बाजूला पेटलेला वायू, दुसऱ्या बाजूला कूलंट, तिसरीकडे तेल, आणि तिघांची गाठ पडू द्यायची नाही. जळताना सिलिंडरमध्ये १४० बार दाब होतो असं धरलं, तर ९५ मिलिमीटरच्या त्या वर्तुळावर साधारण १० टनांचा धक्का बसतो. एका कामाच्या चक्रात एकदा, आणि असे ८ सिलिंडर. हेड वर ढकललं जाऊ नये म्हणून प्रत्येक सिलिंडरभोवती बोल्ट असतात. जुन्या ७.३ लिटर इंजिनात ते सहा-सहा होते. ६ लिटरमध्ये चारच आले, तेही शेजारच्या सिलिंडरशी वाटून घेतलेले, म्हणजे एका हेडला मोठे बोल्ट दहाच.

त्यामुळे सगळा राग या बोल्टांवर निघतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. ज्यांनी बाहेरून ट्यून घालून टर्बोचा दाब वाढवला, त्यांच्या गाड्यांत बोल्ट ताणले जाऊन हेड क्षणभर उचललं गेलं, हे खरं. पण ज्यांनी इंजिनाला हात लावला नव्हता, त्यांचीही पॅकिंगं गेलीच. त्यांचा गुन्हेगार दुसरीकडे, दोन्ही हेडांच्या मधल्या दरीत, ऑइल फिल्टरच्या खाली लपलेला असतो. तो म्हणजे ऑइल कूलर.

हा कूलर पातळ पत्र्यांचा गठ्ठा आहे. एका थरातून तेल जातं, शेजारच्या थरातून कूलंट, आणि कूलंटच्या वाटा फार अरुंद. ब्लॉक ओतताना साच्यातली वाळू थोडीफार आत राहते. वर मूळच्या सोनेरी कूलंटमधले सिलिकेट काही काळानं साकळून चिकट गाळ होतो. दोन्ही मिळून त्या वाटा बुजवतात. आता मेख अशी, की याच कूलरमधून बाहेर पडलेलं कूलंट पुढे ईजीआर कूलरकडे जातं. उत्सर्जनाच्या नव्या नियमांसाठी सायलेन्सरकडे निघालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात फिरवायचा, आणि त्याआधी तो थंड करायचा, हे या दुसऱ्या कूलरचं काम. कित्येक शे अंशांचा वायू आत येतोय आणि कूलंटची धार आटलेली. जेमतेम आलेलं कूलंट तिथंच उकळतं, वाफ होते, शेवटी आतल्या नळ्यांना चिरा पडतात. मग कूलंट हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये उतरतं आणि दाब वाटेल तसा चढतो. तो झेलता झेलता पॅकिंग जातं. मालकाला दिसते फक्त धुराड्यातली पांढरी वाफ.

म्हणून हेड उतरवण्याआधी एक मोजमाप करायचं. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचा, इंजिन चांगलं गरम होऊ द्यायचं आणि सपाट हायवेवर एकाच वेगानं चालवत तेलाचं आणि कूलंटचं तापमान शेजारी शेजारी बघायचं. फरक १५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, की ऑइल कूलर बुजला. पॅकिंगची खूण वेगळी. कूलंटच्या टाकीचं झाकण १६ पीएसआयला दाब सोडतं. टाकीला गेज लावून चढावर पूर्ण ताकद द्यावी, आणि काटा झरझर त्याच्या पलीकडे गेला, तर जळता वायू कूलंटमध्ये शिरतोय हे पक्कं. गेज नसेल तरी टाकीच्या झाकणाभोवती सुकलेला पांढरा पापुद्रा आणि रात्रभर गार पडलेल्या इंजिनाचे सकाळीही फुगून घट्ट असलेले होज पाइप पुरेसं सांगून जातात. नुसतं पॅकिंग बदलून गाडी जोडणारा माणूस पुन्हा तेच काम करायला तयारच बसलेला असतो.

आता हेडापर्यंत पोचायचं कसं? मोठ्या वर्कशॉपमध्ये अख्खी केबिनच उचलतात. चेसिसला धरणारे बोल्ट, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, वायरिंगचे मोठे जोड सोडवले, की लिफ्टवर केबिन वर जाते आणि खाली उघडं इंजिन हाताशी येतं. बघणाऱ्याला हा प्रकार अघोरी वाटतो, पण वेळ वाचतो आणि मिस्त्रीची पाठही वाचते. घरी लिफ्ट नसते. मग बॉनेट काढून ठेवायचं, बंपरपाशी स्टूल मांडायचं आणि रेडिएटरवर फळी टाकून तिच्यावर पालथं पडून काम करायचं. इंजिनाचा मागचा भाग काचेच्या खाली, केबिनच्या पोटात शिरलेला असल्यानं तिथं हात जातो पण डोळा पोचत नाही. आरशात बघत, बोटांनी चाचपत पाना लावावा लागतो. शेजारच्या डॉजमधल्या कमिन्सच्या मालकाला यातलं काही सोसावं लागत नाही. त्याचं ५.९ लिटरचं इंजिन सरळ रेषेत ६ सिलिंडरचं, हेड एकच आणि त्याला २६ बोल्ट. त्याच घराण्याची इंजिनं टाटाच्या ट्रकांत धावत असल्यानं आपल्याकडच्या हायवेवरच्या मिस्त्रीला ती पाठ असतात.

उलगडण्याचा क्रम ठरलेला आहे. दोन्ही बॅटऱ्या सोडवायच्या. कूलंट काढायचं, ते २५ लिटरच्या आसपास निघतं, तेव्हा परात-बिरात कामाची नाही, मोठा टब हवा. मग एअर फिल्टर, इंटरकूलरचे पाइप, टर्बो. टर्बोकडे येणाऱ्या एक्झॉस्ट पाइपांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. त्यांना आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारं तेल पाजत राहावं, घाईनं जोर लावला तर डोकं तुटून हातात येतं. इंजेक्टरला हात लावण्याआधी इंधनाची वाट रिकामी करायची, नाहीतर हेडमधलं डिझेल थेट सिलिंडरमध्ये उतरतं. इंजेक्टर मात्र शहाणे निघतात. त्यांना धरणारा बोल्ट सोडत गेलं, की तोच त्यांना वर ओढून काढतो. टोकाची तांब्याची चकती सोबत आली का, हे प्रत्येकाचं बघायचं. ती तळाशी राहिली आणि वर नवी चकती घालून इंजेक्टर बसवला, तर पुढचा त्रास हमखास.

पुशरॉड काढताना जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ-आठ भोकांच्या दोन रांगा पाडायच्या, प्रत्येक भोकाशी सिलिंडरचा नंबर लिहायचा आणि दांडी निघाली की तिथं खोचायची. त्या जिथल्या तिथं आणि त्याच दिशेनं परत गेल्या पाहिजेत. वर्षानुवर्षं एकमेकींवर घासून बसलेल्या तोंडांच्या जोड्या असतात त्या. दोन्ही हेडं बिडाची. एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नये. इंजिन उचलायची क्रेन दिवसाच्या भाड्यानं मिळते.

हेड निघालं की खरं काम सुरू होतं आणि नेमका इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. ब्लॉकवर चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडायला ग्राइंडरला खरखरीत पॅड लावायचा मोह होतो, कारण पाच मिनिटांत आरसा होतो. पण त्या पॅडमधून सुटणारी बारीक भुकटी तेलाच्या वाटांमध्ये शिरते आणि काही दिवसांत बेअरिंगं खाते. तिथं पातं हातात घेऊन, आडवं धरून, वाट बघत खरवडणं हाच उपाय. बोल्टांच्या भोकांत तेल आणि कूलंट साचलेलं असतं. ते हवेच्या झोतानं आणि चिंधीनं कोरडं करायचं. द्रव दाबला जात नाही. भोकात थोडंसं जरी राहिलं आणि वरून स्टड पिळला, तर पाना घट्ट झाल्याचं सांगतो पण हेड दाबलेलं नसतं, आणि नशीब वाईट असेल तर ब्लॉकच चिरतो. आटे साफ करायला आटे पाडणारा टॅप वापरायचा नाही, तो धातू कापतो. फक्त मळ काढणारा वेगळा टॅप मिळतो.

हेडं मशीन शॉपमध्ये द्यायची. तिथं दाब देऊन आणि चुंबकी भुकटीनं चिरा तपासतात. व्हॉल्व्हच्या दोन बैठकींच्या मधली पट्टी ही नेहमीची जागा. मग सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून सपाटी बघतात. ०.०५ मिलिमीटरची पात सरकली तर फेस मारणं आलं. ब्लॉकची सपाटीही त्याच पट्टीनं स्वतः बघून घ्यावी. हेड इतकं तपासायचं आणि ज्यावर ते बसणार तो ब्लॉक नजरेनंच पास करायचा, याला अर्थ नाही.

नवं पॅकिंग मागवताना आणखी एक खाचखळगा. हेड जागेवर बसावं म्हणून ब्लॉकला खुंट्या असतात. सुरुवातीच्या इंजिनांत त्या १८ मिलिमीटरच्या होत्या, २००६च्या सुमारास २०च्या झाल्या. दोन्हींची पॅकिंगं वेगळी. गाडीच्या कागदावरचं साल बघून मागवू नये, व्हर्नियर लावून मोजावं.

मूळचे बोल्ट एकदाच वापरायचे, कारण ते बसवतानाच कायमचे ताणले जातात. म्हणून जवळजवळ सगळेच घरगुती मिस्त्री एआरपी कंपनीचे स्टड घालतात. फायदा सरळ आहे. बोल्ट पिळताना ताणही पडतो आणि पीळही, शिवाय ब्लॉकमधल्या आट्यांशी घर्षण. स्टड मात्र ब्लॉकमध्ये नुसत्या हातानं बसवायचा आणि वरची नट पिळायची. तो फक्त ताणला जातो, त्यामुळे पान्यावरचा आकडा बराचसा खरा असतो. केबिन जागेवरच असताना अडचण अशी, की मागच्या कोपऱ्यात स्टड वरून घालायला जागाच नाही. तो आधीच हेडच्या भोकात सोडायचा आणि खाली घसरू नये म्हणून वरून रबरबँडनं बांधून ठेवायचा. हेड खुंट्यांवर टेकलं की रबरबँड कापायचा. हजारो डॉलरांच्या कामात ही दिडकीची वस्तू विसरली, तर क्रेन परत आणावी लागते.

नटांना त्याच कंपनीचं वंगण लावून तीन फेऱ्यांत घट्ट करायचं. आधी सगळ्या ७० फूट-पौंडांना, मग १४०, मग २१०. दर वेळी मधून सुरू करून बाहेरच्या टोकांकडे. २१० म्हणजे तीन फूट लांब टॉर्क पान्याच्या टोकाला जवळपास ३२ किलोंची ओढ. फळीवर पालथं पडून, दोन हेडांच्या २० नटांना तीनदा. मोठ्या नटांचं उरकलं, की हेडच्या वरच्या कडेचे छोटे बोल्ट राहतात, आणि दमलेला माणूस नेमका तेच विसरतो.

जोडताना ऑइल कूलर नवाच घालायचा, ईजीआर कूलरही. काही जण ईजीआर कायमचाच काढून टाकतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तसं करणं तिथल्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि वाट मोकळी असेल तर चांगल्या बनावटीचा नवा कूलर टिकतोही. कूलंट सिलिकेट नसलेलं भरायचं, त्याआधी डिस्टिल्ड पाण्यानं सगळी वाट धुवायची.

पहिल्यांदा किल्ली फिरवल्यावर इंजिन लगेच बोलत नाही. यातले इंजेक्टर तेलाच्या दाबावर चालतात आणि तो दाब ५०० पीएसआयला पोचल्याशिवाय कॉम्प्युटर डिझेल सोडत नाही. रिकाम्या झालेल्या वाटा तेलानं भरेपर्यंत स्टार्टर थांबत-थांबत मारायचा, बॅटऱ्यांना चार्जर लावून ठेवायचा आणि घाबरून पुन्हा उघडायला घ्यायचं नाही. सुरू झाल्यावर भसाभस पांढरा धूर येतो. ते उरलेलं कूलंट आणि डिझेल जळतंय. मग पुन्हा तीच हायवेची फेरी, तेच दोन आकडे शेजारी शेजारी. नव्या कूलरवर फरक पाच-सहा अंश फॅरनहाइटच्या आत यायला हवा.

जाणकार लोक हीटरच्या होज पाइपमध्ये कूलंटचा छोटा फिल्टर बसवून घेतात. काहीशे मैलांनी तो काढून पत्र्याचा डबा कापून बघायचा. पहिल्या डब्याच्या तळाशी काळपट वाळू सापडते, बोटांत चोळली की खरखरते. दुसऱ्यात कमी. ती सापडायची बंद होईपर्यंत फिल्टर बदलत राहायचा.