पेट्रोलच्या पोटातलं ऑइल

कपाशीला पाती-फुलं लागली, सोयाबीन कमरेला आलं की बुलढाणा जिल्ह्यात शिवारोशिवारी एक चिरकी घरघर सुरू होते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदच्या काळ्या रानात ती ऐकू येते, तशी घाटावरच्या चिखली, मेहकरकडेही. पाठीवर वीस लिटरची टाकी, हातात नळी आणि पाठीशी थरथरणारं छोटंसं इंजिन. फवारणीच्या या पॉवर पंपावर हंगामाचे दोन-तीन महिने हजारो एकरांचं पीक अवलंबून असतं. तरीही त्याच्या इंजिनाची ओळख फार थोड्यांना असते. यातले जे पंप टू-स्ट्रोक आहेत, त्यांच्या इंजिनात ऑइलसाठी जागाच नाही. त्याला जे काही वंगण मिळतं, ते पेट्रोलमधूनच.

ट्रॅक्टर किंवा आजची मोटारसायकल घेतली, तर तिच्या इंजिनाच्या तळाशी ऑइलचा साठा असतो. पंप ते ऑइल वर फेकतो, ते बेअरिंगांना न्हाऊ घालून पुन्हा खाली उतरतं. काडी काढून पातळी बघता येते, काळं झालं की बदलता येतं. टू-स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नाही. इथे पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद कप्प्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवा आणि पेट्रोलची वाफ ओढली जाते. पिस्टन खाली येताना तीच दाबली जाऊन बाजूच्या वाटेनं वर सिलिंडरमध्ये शिरते आणि तिथे पेटते. जळायला जाणारं पेट्रोल आधी क्रँकच्या घरातून फिरून जातं. त्यात ऑइल मिसळलेलं असलं की पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचे बारीक थेंब कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर, पिस्टनच्या अंगावर, सिलिंडरच्या भिंतीवर बसतात. आपलं काम करून हे ऑइलही शेवटी वर जातं, जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन बाहेर पडतं. परत फिरणारं ऑइल इथे नाही. प्रत्येक थेंब एकदाच उपयोगी पडतो.

क्रँककेसलाच पंप बनवण्याची ही युक्ती इंग्लंडातल्या बाथ शहराच्या जोसेफ डे यांची. त्यांनी १८९१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कॅमशाफ्ट नको, हलणारे भाग मोजकेच. सुरुवातीच्या इंजिनांत वंगणाची वेगळी सोय असे. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची रीत पुढे रुळली आणि तिनं इंजिन आणखी हलकं केलं. ऑइलचा साठा नसल्यामुळे ते तिरपं झालं, वाकलं, उताणं झालं तरी वंगण थांबत नाही. झाडं कापणारी करवत, गवत कापणारं यंत्र आणि आपला फवारणी पंप ही सगळी माणसाच्या अंगावर वागवायची यंत्रं याच गुणावर उभी राहिली. वीस लिटर पाण्याचंच ओझं वीस किलो. त्यात इंजिनाचा प्रत्येक किलो खांद्याला कळतो.

पण या हलकेपणाची किंमत आहे. यंत्रानं सोडलेलं काम माणसाच्या हातावर येतं. या पंपांसाठी बहुतेक वेळा २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल असं प्रमाण सांगितलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. काही इंजिनांना ५० ला १, म्हणजे २० मिली चालतं. पुस्तिकेत लिहिलं असेल तेच खरं. आता हिशेब करून बघा. छोटं इंजिन तासाला अर्धा लिटर पेट्रोल पितं असं धरलं, तर त्याच्या वाट्याला तासाभरात २० मिली ऑइल येतं, चहाचे चार चमचे. मिनिटाला साडेसहा हजार फेरे धरले, तर त्या तासात क्रँक जवळपास चार लाख वेळा फिरतो. चार लाख फेऱ्यांना चार चमचे ऑइल, आणि तेवढ्यात भागतं. मात्र तेवढं मिळालंच पाहिजे.

न मिळाल्यास काय होतं ते कुठल्याही मेकॅनिकच्या टेबलावर दिसतं. खोललेला पिस्टन हातात घ्यावा. चांगल्या पिस्टनचं अंग गुळगुळीत, करडं असतं. जाम झालेल्या पिस्टनवर वरून खाली उभे ओरखडे असतात आणि ते सहसा सायलेन्सरच्या बाजूला जास्त खोल असतात, कारण जळालेला वायू तिथूनच बाहेर पडतो आणि तीच बाजू सर्वांत तापते. ऑइलचा पापुद्रा फाटला, की ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं, रिंगा खाचेत अडकतात, दोरी ओढली तरी हलत नाही. नवा पिस्टन, नव्या रिंगा, कधी सिलिंडरही. आणि तेही ऐन फवारणीत, जेव्हा अळी थांबायला तयार नसते.

बरेचदा पंप बसतो तो ऑइल घातलेलं असूनही. टाकीत आधी ऑइल ओतून वर पेट्रोल घातलं तर जड ऑइल तळाशी बसतं. आधी घट्ट मिश्रण जाऊन प्लग काळा, ओला होतो आणि नंतर नुसतंच पेट्रोल जातं. म्हणून मिश्रण वेगळ्या डब्यात करायचं, हलवायचं, मगच टाकीत ओतायचं. टू-स्ट्रोकसाठीच्या टू-टी ऑइलला निळा, हिरवा किंवा लाल रंग दिलेला असतो तो याचसाठी, की मिसळलेलं पेट्रोल डोळ्यांना ओळखू यावं. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल तर कधीच वापरू नये. टू-टी ऑइल जळून गेलं तरी राख फार थोडी उरावी असं बनवलेलं असतं. जळक्या ऑइलची राख आणि घाण मात्र प्लगवर, रिंगांच्या खाचेत, सायलेन्सरमध्ये साचते. जास्त ऑइल घातलं की इंजिन जास्त टिकतं, ही समजूतही खोटी. ऑइल वाढलं की काजळी वाढते, सायलेन्सर चोक होतो, आणि मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी पडल्यानं इंजिन उलट तापतं.

हे शास्त्र जिल्ह्यातल्या एका पिढीला पाठ होतं. १९७२ साली पुण्याहून आलेली बजाज चेतक आणि त्याच वर्षीची कायनेटिकची लूना, दोन्ही टू-स्ट्रोक. मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले यांचं जाणं-येणं अशा गाड्यांवर चाले. पेट्रोल पंपावर हातानं दांडा फिरवून मापानं ऑइल सोडणारं यंत्र असे, नाहीतर पाऊच फोडायचा. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना जाणता चालक गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर पूर्ण बंद करत नसे. चाकं इंजिन फिरवत राहतात, पण ॲक्सिलेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. म्हणून मध्ये मध्ये थोडी रेस द्यायची. इंधन हेच वंगण आहे ही गोष्ट त्या उतारावर हाताला कळे.

इंधनानं वंगण करायची रीत डिझेल इंजिनातही आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला तळाशी वेगळं ऑइल असतं. पण त्याच्या फ्युएल पंपातला प्लंजर आणि बॅरल इतके नेमके बसवलेले असतात की त्यांच्यामध्ये वंगण म्हणून डिझेलचाच पातळ थर असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत १० वर उतरलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला वंगणगुण देणारे काही घटकही निघून जातात. म्हणून तेल कंपन्यांना त्यात वंगणगुण वाढवणारी द्रव्यं घालावी लागतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की पंप का झिजतो, याचंही उत्तर इथेच आहे.

डिझेलमध्ये ही काळजी कारखाना घेतो, टू-स्ट्रोकमध्ये ती वापरणाऱ्यावर सोडलेली आहे. हे बदलता येतं, याचा दाखला दिल्लीत आहे. रिक्षा-स्कूटरच्या धुरानं हवा कोंदली तेव्हा १९९८ च्या अखेरीस तिथे सुटं टू-टी ऑइल विकायला बंदी झाली आणि पंपावर मापानं मिसळलेलं पेट्रोलच मिळू लागलं. आपल्या शिवारात ते माप अजून बाटलीच्या झाकणावर, अंदाजावर आहे.

ही बाब फक्त इंजिनाची नाही. टू-स्ट्रोकमध्ये बरंचसं ताजं मिश्रण न जळताच बाहेर जातं आणि हा सायलेन्सर फवारणाऱ्याच्या पाठीशी, श्वासाच्या अंतरावर असतो. त्यात कीटकनाशकाचा तुषार. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भ विसरलेला नाही. फोर-स्ट्रोक पंपात ऑइल वेगळं राहतं, धूर कमी होतो. बॅटरी पंपात पेट्रोलच नाही. ज्यांना परवडेल त्यांनी तिकडे वळावं. पण टू-स्ट्रोक पंप एका हंगामात शेतातून जाणार नाहीत.

आणि आता आणखी एक जोखीम आली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळी हवेत डबा उघडा राहिला आणि पाणी मुरलं, तर इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि इंजिन मात्र तळाचं ओढतं. म्हणून मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करावं, डबा घट्ट बंद ठेवावा आणि हंगाम संपला की टाकी व कार्बोरेटर कोरडे करून पंप ठेवावा.

शेतकऱ्याला हे अवघड नाही. त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच. पंप विकणाऱ्यानं सोबत मापाच्या रेघा असलेली बाटली आणि मराठीत छापलेलं प्रमाण द्यायला हवं. औषधाच्या मात्रेची माहिती कृषी विज्ञान केंद्रं देतात, त्याच बैठकीत पाच मिनिटं या ४० मिलीला द्यावीत. कीटकनाशकाचं माप चुकलं की पीक जातं हे शेतकरी जाणतो. ऑइलचं माप चुकलं की पंप जातो आणि अळीनं भरलेल्या शेतात शेतकरी हात बांधून उभा राहतो. दोन्ही मापांना एकच मान मिळायला हवा.